टेट ब्रिटन : ‘लेडी ऑफ शॅलॉट’साठी तरी जायलाच हवं

मी तैलरंगात काम करते, त्यामुळे चित्रासमोर उभी राहिले की आधी ब्रशचा हात, म्हणजे रंग लावण्याची पद्धत, बघते. लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात जॉन विल्यम वॉटरहाउसच्या ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ (१८८८) पुढून पाय निघेना, तो त्या हातामुळेच.

गोष्ट आर्थर राजाच्या दंतकथांमधली, पण चित्राचा आधार इंग्रज कवी टेनिसनची कविता. बेटावरच्या मनोऱ्यात एकटी राहणारी, आरशातलं जग बघून विणत बसणारी ही बाई. आर्थरच्या राजधानीकडे, कॅमलॉटकडे, थेट बघायचं नाही, असा शाप. आर्थरचा सरदार लॅन्सेलॉट जाताना दिसतो, ती खिडकीशी धावते, आरसा तडकतो. मग नावेत बसून कॅमलॉटकडे निघते आणि पोहोचायच्या आत गाता गाता मरते. वॉटरहाउसने नेमका साखळी सोडण्याचा क्षण घेतलाय. साखळी अजून तिच्या हातात आहे!

छापील प्रती मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांत सगळं सारखंच गुळगुळीत दिसतं. मूळ चित्र जवळजवळ दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. जवळ गेलात की पुढचे लव्हाळे आणि काठावरचं गवत रुंद ब्रशच्या मोकळ्या फटकाऱ्यांत टाकलेलं दिसतं. फ्रान्समध्ये त्या काळी उघड्यावर रंगवणाऱ्यांची ही रीत. चेहरा मात्र सावकाश, जपून घडवलाय. कपाळ ताणलेलं, ओठ किंचित विलगलेले. आजूबाजूचं रान सैल ठेवल्यामुळेच त्या चेहऱ्यावरची भीती एवढी अंगावर येते. हे दोन हात एकाच कॅनव्हासवर बघायला मिळणं, मला तरी सगळ्यात मोलाचं वाटलं.

नावेच्या टोकाशी तीन मेणबत्त्या आहेत, दोन विझलेल्या. शेजारी क्रूस. नावेच्या कडेवरून तिनेच विणलेलं वस्त्र पाण्यापर्यंत लोंबतंय. लहान प्रतीत यातलं निम्मं हरवतं. शिकणाऱ्यांनी वही-पेन्सिल घेऊन जावं आणि नुसता तो गवताचा कोपरा उतरवून बघावा.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात : कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, विशेष प्रदर्शनांना असतं. पिम्लिको स्टेशनवरून चालत जाता येतं. संग्रहाचा पाया हेन्री टेट यांनी दिलेल्या चित्रांनी घातला गेला. हे चित्रही त्यांचंच दान. जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराचं ‘ओफेलिया’ हे चित्रसुद्धा याच संग्रहात आहे. त्यात पानन्‌पान रेखलेलं. दोन्ही एकाच दिवशी बघितलीत, तर पाण्याजवळची झाडी रंगवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती लक्षात येतील.

चित्रं कधी दुसरीकडे प्रदर्शनाला जातात, तेव्हा निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मांडलेलं आहे ना, एवढं बघून घ्या.