महापालिकेचं नागरिक सहभाग अंदाजपत्रक: अर्ज भरण्याजोगा, पाठपुरावा आपल्याच गळ्यात

देश आपल्या हाती आला तर काय बदलू, यावर कट्ट्यावर तासभर रंगतं. पुणे महापालिका २००६ पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातली छोटी कामं नागरिकांनाच अर्जातून सुचवायला सांगते. तो अर्ज मात्र भरायचा राहतो.

‘फुटपाथ नीट करा’ एवढंच लिहिलं तर कनिष्ठ अभियंत्याला खर्च काढता येत नाही. कुठून कुठपर्यंत, अंदाजे ४० मीटर, फरशा उखडलेल्या, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर, दोन फोटो असं द्या. सोसायटीच्या आतलं काम मागू नका, ती खासगी जागा. रस्तारुंदीकरणाची स्वप्नंही नकोत. इथे फुटपाथ, बाकडी, दिवे, बसथांबे अशी छोटी कामंच.

पोच शिक्क्यासह घ्या. पुढे काय झालं ते आपणहून कळेल ही आशा सोडा. क्षेत्रीय कार्यालयात विचारा, नाहीतर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच.