गावनिहाय नकाशासंचासाठी ॲटलास घ्यावा की मॅप सिरीज?

पाणलोट आराखडा असो की सामूहिक वनहक्काचा दावा, नकाशाच्या एका पानावर काम कधीच भागत नाही. तालुक्यातील प्रत्येक गावाचे स्वतंत्र पान लागते, आणि ग्रामसभेत एखादा नाला चुकीच्या गटातून गेलेला दिसला की दुरुस्तीनंतर पाने पुन्हा काढावी लागतात. हे काम आजवर हाताने करणाऱ्या आणि आता क्यूजीआयएस व आर्कजीआयएस प्रो या नकाशे बनवण्याच्या दोन संगणक प्रणालींपैकी एक निवडू पाहणाऱ्या लहान संस्थांसाठी हा आढावा आहे. गावागणिक पान आपोआप काढणाऱ्या सोयीला क्यूजीआयएसमध्ये ॲटलास आणि आर्कजीआयएस प्रोमध्ये मॅप सिरीज म्हणतात. माझा कल आधीच सांगते: आर्कजीआयएस प्रोचा परवाना हाताशी नसेल, तर क्यूजीआयएसचे ॲटलास घ्यावे.

मूळ रचना दोन्हीकडे सारखीच आहे. लेआउट, म्हणजे छापील पानाची मांडणी, एकदाच करायचा आणि ज्या लेयरमधील (माहितीच्या थरातील) प्रत्येक आकृतीमागे एक पान हवे, तो लेयर नेमून द्यायचा. मग चौकट आपोआप गावागावावर सरकते, शीर्षक तक्त्यातून येते आणि सगळा संच एका पीडीएफमध्ये किंवा सुट्या पानांत मिळतो. नकाशाचे प्रमाण (स्केल) ठरावीक ठेवायचे की गाव मावेल तसे बदलू द्यायचे, हेही दोन्हींत ठरवता येते.

खरा फरक शेजारच्या पानापाशी जाणवतो. ए-३ आकाराचे पान सतरंजीवर पसरले की प्रत्येक जण आधी आपले शेत शोधतो. ते काठावर असले की बोट कागदाबाहेर जाते आणि प्रश्न येतो, "याच्या समोरचं पान कोन्तं हाय?" सातबारा आणि खरेदीखत हाताळणाऱ्या माणसाला नकाशाचीही चतुःसीमा हवी असते. आर्कजीआयएस प्रोमध्ये आठही दिशांच्या शेजारी पानांची नावे तक्त्यात भरणारे तयार साधन आहे. क्यूजीआयएसमध्ये सीमेला लागून असलेली गावे शोधणारे फंक्शन वापरून सूत्र स्वतः लिहावे लागते. ते एकदा जमले की पुढे त्रास नाही, पण पहिल्यांदा अर्धा दिवस सहज जातो. नदी किंवा रस्त्याच्या कडेने सलग पट्ट्यांची पाने हवी असतील, तर त्यासाठीही आर्कजीआयएस प्रोमध्ये तयार साधन आहे.

विदर्भात आणखी एक अडचण येते, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा सपाट नकाशावर उतरवणारी प्रक्षेपण पद्धत आहे. ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर तिचे ४३ आणि ४४ हे पट्टे मिळतात आणि ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. पुसद ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. वणीची पाने ४३ मध्येच काढली, तर उत्तर दिशा एक अंशाहून अधिक कलते आणि नकाशाच्या सपाट प्रतलावर मोजलेले क्षेत्र शंभर हेक्टरमागे सुमारे एक तृतीयांश हेक्टरने फुगते. आर्कजीआयएस प्रोमध्ये पानागणिक प्रक्षेपण बदलण्यासाठी तक्त्यातील रकाना नेमता येतो आणि योग्य पट्टा काढून देणारे साधनही आहे. क्यूजीआयएसमध्ये हेच काम सूत्राने होते. जिल्हाभर काम असेल, तर ही सोय मोलाची आहे. एका तालुक्यापुरते असेल, तर बहुतेकदा तिची गरज पडत नाही.

मराठी मजकुराची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधील गावांची नावे आधी युनिकोडमध्ये आणावीत. शेपफाइल या नकाशा-माहितीच्या जुन्या फाइल प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 'ग्रामपंचायत' हे नाव पहिल्या जोडाक्षरानंतरच तुटते. म्हणून जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरावा. क्यूजीआयएसमधून पीडीएफ काढताना मजकूर रेषाकृतींच्या रूपात ठेवण्याचा पर्याय निवडला, तर छपाईच्या दुकानात तो फॉन्ट नसला तरी मात्रा आणि जोडाक्षरे जागच्या जागी राहतात.

आता खर्च. क्यूजीआयएस मोफत आहे आणि लिनक्सवरही चालते. आर्कजीआयएस प्रोला विंडोज आणि सशुल्क परवाना लागतो. हा परवाना ऑफलाइन वापरता येतो, पण नेटवर्क नसलेल्या गावी जाण्यापूर्वी तो आठवणीने संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: प्रकल्पाचा निधी संपला, परवान्याची मुदत उलटली आणि त्यानंतर गावाने दुरुस्त पान मागितले, तर ते काढायचे कोणी? ॲटलासची प्रोजेक्ट फाइल ग्रामपंचायतीच्या संगणकावरही उघडते. अनेक लहान संस्थांसाठी माझ्या लेखी एवढे कारण पुरेसे आहे.

ज्यांच्याकडे आर्कमॅपमधील (आर्कजीआयएस प्रोच्या आधीच्या प्रणालीतील) डेटा ड्रिव्हन पेजेस या अशाच सोयीने केलेले जुने संच आहेत, त्यांनी उशीर करू नये. आर्कमॅपला कंपनीचा तांत्रिक आधार १ मार्च २०२६ पर्यंतच होता. अशी फाइल प्रोमध्ये आयात केली की तिची मॅप सिरीज होते. क्यूजीआयएसमध्ये लेआउट बहुधा नव्यानेच मांडावा लागेल.

पायथन स्क्रिप्ट दोन्हींत लिहिता येते. मात्र एकाच गावाची मृदा, पाणी आणि पीक अशी वेगवेगळ्या मांडणीची पाने दरमहा काढायची असतील, तरच त्या वाटेला जावे. कोणताही मार्ग घेतला तरी पूर्ण संच छापण्याआधी सर्वांत मोठ्या गावाचे, सर्वांत लहान गावाचे आणि सर्वांत लांब नावाच्या गावाचे, अशी तीन पाने कागदावर काढून पाहावीत. लांब नाव चौकटीबाहेर गेलेले पडद्यावर नजरेतून सुटते, कागदावर सुटत नाही.