दिवसाचा फेरीप्रवास: केबिन घ्यावी की लाउंजमध्येच बसावे?

रात्रीच्या फेरीबोटीवर केबिन घ्यायची की नाही, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. झोपायचे असते म्हणून केबिन घेतली जाते, आणि काही मार्गांवर तर केबिन किंवा आरामखुर्ची यांपैकी एक घेतल्याशिवाय रात्रीचे तिकीटच मिळत नाही. दिवसाच्या फेरीचे तसे नसते. साध्या तिकिटावर बोटीवरची बसण्याची दालने, उपाहारगृह आणि उघडे डेक हे सारे वापरायला मिळते. केबिन हा त्यावरचा जादा खर्च असतो आणि ती हातात राहते अवघे काही तास. हा खर्च कोणासाठी योग्य आणि कोणासाठी अनाठायी, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच मांडणे बरे: प्रवास किती तासांचा आहे यापेक्षा आपल्याबरोबर कोण आहे आणि उतरल्यावर लगेच काय करायचे आहे, या दोन गोष्टींना निर्णयात अधिक वजन द्यावे.

तासांचा हिशेब मात्र टाळता येत नाही. इंग्लंडमधील डोव्हर ते फ्रान्समधील कॅले हा प्रवास साधारण दीड तासाचा. तेथे केबिनचा विचार करण्याचे कारणच नाही. वेल्समधील होलिहेड ते आयर्लंडमधील डब्लिन सव्वातीन तासांच्या आसपास, इंग्लंडमधील प्लिमथ ते फ्रान्समधील रॉस्कॉफ दिवसाच्या फेरीने साधारण सहा तास, इंग्लंडमधील हार्विच ते नेदरलँड्समधील हूक ऑफ हॉलंड साडेसहा ते सात तास, स्वीडनमधील स्टॉकहोम ते फिनलंडमधील तुर्कू सुमारे अकरा तास, आणि टास्मानियातील डेव्हनपोर्ट ते ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील जिलाँग नऊ ते अकरा तास. वेळापत्रकातला आकडा मात्र केबिनचा आकडा नसतो. बोटीवर चढल्यावर केबिन साफ होऊन किल्ली मिळेपर्यंत काही वेळ जातो, तर दुसऱ्या टोकाला बोट धक्क्याला लागण्याच्या बरेच आधी केबिन रिकामी करण्याची सूचना होते, कारण तीच बोट थोड्याच वेळात परत फिरायची असते आणि सफाई कामगारांना तेवढाच अवधी मिळतो. दोन्हीकडचे मिळून तासभर वजा करावा. मग सव्वातीन तासांच्या प्रवासात केबिन जेमतेम सव्वादोन तास हाती राहते, आणि त्यातही सामान ठेवणे, हातपाय धुणे व काहीतरी खाऊन घेणे यांत बराच वेळ निघून जातो. चार तासांहून लहान प्रवासात धडधाकट माणसाने केबिन घेऊ नये, असे मला वाटते. नऊ तासांच्या पुढे ती बहुतेकांनी घ्यावी. खरा पेच पडतो तो पाच ते आठ तासांच्या प्रवासात, आणि पुढचे बरेचसे विवेचन त्याच टप्प्यासाठी आहे.

केबिनमध्ये काय मिळते, लाउंजमध्ये काय मिळते

फेरीबोटीची साधी केबिन म्हणजे एक चिंचोळी खोली असते. तिच्यात दोन किंवा चार बर्थ, त्यांतले वरचे बहुधा भिंतीला मिटवून ठेवलेले, एक छोटे स्वच्छतागृह व त्यातच शॉवर, कपडे अडकवायला दोनचार खुंट्या आणि मोबाइल लावायला एखादा सॉकेट. बाहेरच्या बाजूची केबिन असेल तर खिडकी असते, पण ती उघडत नाही; आतल्या बाजूची असेल तर दिवा मालवला की भर दुपारी मिट्ट काळोख. भिंती पोलादी असल्यामुळे मोबाइलला रेंज मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. बोटीचे स्वतःचे सागरी मोबाइल नेटवर्क असले तर ते फार महाग पडू शकते, म्हणून समुद्रात शिरण्यापूर्वीच फोन विमान मोडवर टाकणे शहाणपणाचे.

लाउंजमध्ये याच्या उलट सारे काही असते: उजेड, मोठ्या खिडक्या, माणसांची ये-जा, उपाहारगृह हाताशी. त्याचबरोबर गोंगाट, खुर्ची राखून ठेवण्यासाठी कुणीतरी बसून राहण्याची सक्ती, आणि दर वेळी उठताना बॅगांचे काय करायचे हा प्रश्नही असतो. सुट्ट्यांच्या दिवसांत भरलेल्या बोटीवर बसायची बरी जागा मिळवण्यासाठी चढल्याबरोबर धावपळ करावी लागते. गाडी घेऊन प्रवास करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: बोट सुटली की वाहनांचा डेक बंद केला जातो आणि सुरक्षिततेच्या नियमांमुळे सहसा मध्येच गाडीपाशी जाता येत नाही. औषधे, गरम कपडे, मुलांच्या वस्तू हे सारे आधीच वर आणावे लागते, आणि चार जणांच्या कुटुंबाचे असे वर आणलेले सामान लाउंजच्या दोन खुर्च्या सहज अडवते.

या दोहोंच्या मधला पर्यायही पुष्कळ बोटींवर असतो, तो म्हणजे राखीव आरामखुर्ची किंवा जादा पैसे भरून प्रवेश मिळणारे शांत लाउंज. एकट्या प्रवाशाला, ज्याला फक्त पाठ टेकून वाचायचे किंवा लॅपटॉपवर काम करायचे आहे, त्याला दिवसाच्या फेरीत हा पर्याय केबिनपेक्षा सरस वाटेल. मात्र तेथे आडवे होता येत नाही, आणि केबिनचा सगळा मुद्दा शेवटी आडवे होण्याशीच येऊन ठेपतो.

बोट लागणाऱ्यांसाठी

बोट लागण्याच्या भीतीने केबिन घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या काहींना केबिनमध्ये अधिकच त्रास होतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हेलकावे खाते तेव्हा ती यंत्रणा मेंदूला हालचाल कळवते. पण बंद खोलीत डोळ्यांना दिसणाऱ्या भिंती, टेबल, पुस्तक हे सारे आपल्याबरोबरच हलत असल्यामुळे डोळे सांगतात की सर्व काही स्थिर आहे. या दोन परस्परविरोधी निरोपांतून मळमळ सुरू होते. यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे उघड्या डेकवर मोकळ्या हवेत उभे राहून क्षितिजाकडे पाहणे, म्हणजे डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि विरोध मिटतो. दुसरा म्हणजे उताणे पडून डोळे मिटून घेणे, म्हणजे डोळ्यांची साक्षच बंद होते. बिनखिडकीच्या केबिनमध्ये बर्थवर बसून मोबाइल पाहणे यात या दोन्हींतले काहीच साधत नाही, आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी इतकी वाईट जागा बोटीवर दुसरी क्वचितच असेल. तेव्हा केबिन घेतली तर आत जाऊन आडवे व्हायचे, हे मनाशी पक्के असावे.

जागेचाही फरक पडतो. बोटीचा पुढचा आणि मागचा भाग जितका वरखाली होतो, तितका मध्यभाग होत नाही. तसेच वरच्या डेकवर जितके डावीउजवीकडे झुलायला होते, तितके खालच्या डेकवर होत नाही. पुष्कळ बोटींवर सर्वांत छान दिसणारे लाउंज समोरच्या टोकाला आणि उंचावर असते. तेथून समुद्र सुरेख दिसतो आणि तेथेच हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात. केबिनचा नकाशा पाहून निवडता येत असेल तर मध्यभागाची आणि खालच्या मजल्याची केबिन घ्यावी. अगदी मागची घेतल्यास यंत्रांची थरथर सोसावी लागू शकते. मोठ्या फेरीबोटींना दोन्ही कुशींना पंखांसारखे स्थिरक बसवलेले असतात. ते बाजूचे झुलणे बरेच कमी करतात, पण समोरून येणाऱ्या लाटांवर बोटीचे पुढचे तोंड वर उचलले जाऊन खाली आपटते, त्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. पोटात ढवळते ते मुख्यत्वे या वरखाली होण्यानेच, आणि साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ गतीचे हेलकावे सर्वाधिक त्रासदायक ठरतात.

बोट लागण्यावरची औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असतात. गोळी प्रवासाच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तर काही तास आधी. त्यांतल्या बहुतेकांनी गुंगी येते. जो औषध घेणार त्याला पाठ टेकायला जागा हवी आणि उतरल्यावर त्याच्या हाती स्टिअरिंग नसावे, या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या तर कुटुंबातल्या कोणासाठी केबिन लागेल याचे उत्तर आपोआप मिळते. औषध कोणते आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः मुले, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांच्याबाबत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोकळेपणाने बोलत नाही. ज्याला उलट्या होत असतात, त्याला सर्वांत मोठा आधार असतो तो दोन पावलांवर असलेल्या स्वतःच्या स्वच्छतागृहाचा आणि लावून घेता येणाऱ्या दाराचा. खवळलेल्या समुद्रात सार्वजनिक स्वच्छतागृहांची काय अवस्था होते, हे ज्याने पाहिले आहे तो या एका कारणासाठीही पैसे मोजायला तयार होईल, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

उतरल्यावर गाडी कोण चालवणार?

केबिनच्या बाजूने सर्वांत भक्कम कारण कोणते, असे विचारले तर मी चालकाचे नाव घेईन. बंदर गाठण्यासाठी तो पहाटे उठलेला असतो, कित्येकदा चारपाच तास गाडी हाकून आलेला असतो, आणि उतरल्यावर परक्या रस्त्यांवर, प्रसंगी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गाडी चालवण्याचे काम त्याच्यापुढे असते. लाउंजच्या खुर्चीत मान वाकडी करून काढलेली डुलकी आणि अंधाऱ्या खोलीत आडवे होऊन घेतलेली दीडदोन तासांची झोप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. युरोपीय संघाने ट्रकचालकांच्या विश्रांतीसाठी २००६ साली केलेल्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीत ही गोष्ट कायद्यानेच मान्य केलेली आहे: चालकाला आपली रोजची नियमित विश्रांती फेरीबोटीवर घ्यायची असेल तर त्याला झोपण्यासाठी बर्थ मिळाला पाहिजे, आणि ती विश्रांती जास्तीत जास्त दोनदा व एकूण तासाभराहून अधिक नाही इतकीच मोडता येते. जो धंद्यासाठी गाडी चालवतो त्याच्यासाठी जे आवश्यक मानले आहे, ते मुलाबाळांना घेऊन निघालेल्या माणसासाठी चैनीचे ठरवण्याचे कारण नाही.

गाढ झोपेतून उठल्यावर डोके ताळ्यावर यायला थोडा वेळ लागतो. केबिन रिकामी करण्याच्या सूचनेचा येथे उपयोगच होतो, कारण ती ऐकून उठलेल्या चालकाला गाडीत बसेपर्यंत तोंड धुवून डेकवर एक फेरी मारण्याइतका अवधी मिळतो. गाडी आळीपाळीने चालवणारे दोघे असतील, किंवा मुक्काम बंदरालगतच असेल, तर या साऱ्या मुद्द्याचे वजन बरेच उतरते.

तान्ह्या बाळाला पाजायचे, झोपवायचे आणि लंगोट बदलायचे असतील तर पाच तासांच्या प्रवासातही केबिन घ्यावी. यावर अधिक चर्चेची गरज नाही. चार ते दहा वर्षांच्या मुलांचे मात्र उलट असते. ती केबिनमध्ये अर्धा तासही टिकत नाहीत, डेक आणि खेळण्याची जागा हीच त्यांना हवी असते, आणि केबिन शेवटी बॅगा ठेवण्याची कोठी होते. अशा वेळी आईवडिलांना आळीपाळीने झोप घ्यायची असेल तरच ती घेण्यात अर्थ आहे. वयस्कर किंवा आजारी माणसाला पाय वर घेऊन पडायला मिळणे महत्त्वाचे असते. चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या आणि मोकळ्या स्वच्छतागृहाच्या केबिन असतात, पण प्रत्येक बोटीवर त्यांची संख्या थोडी असल्यामुळे त्या फार आधी सांगून ठेवाव्या लागतात. पाळीव प्राणी बरोबर असेल तर आधी कंपनीचा नियम वाचावा; काही बोटींवर त्याला गाडीत किंवा पिंजऱ्यात ठेवायचे नसेल तर ठरावीक केबिन घेण्यावाचून दुसरा मार्गच नसतो.

केबिन नको, असे कधी म्हणावे

काही मार्ग असे आहेत की जेथे समुद्र हाच प्रवासाचा हेतू असतो. स्टॉकहोमहून तुर्कूला दिवसा जाताना सुरुवातीचे आणि शेवटचे काही तास बोट असंख्य लहान लहान बेटांमधून वाट काढत जाते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रुपर्ट ते पोर्ट हार्डी हा उन्हाळ्यातला दिवसाचा प्रवास साधारण सोळा तासांचा असून त्याचा मोठा भाग डोंगरांमधल्या अरुंद जलमार्गांतून होतो. येथे खिडकीची केबिन घेतल्याने देखावा मिळेल असे वाटते, पण तिच्यातून एकच बाजू दिसते आणि पाहण्याजोगी गोष्ट बहुधा दुसऱ्या बाजूला असते. अशा मार्गावर डेकच खरा. सोळा तासांच्या प्रवासात कुठेतरी पाठ टेकावी लागेल हे मान्य, पण त्यासाठी आतल्या बाजूची स्वस्त केबिन पुरते. एरवीही दिवसाच्या झोपेला आतली केबिनच बरी, कारण खिडकीतून येणारा उजेड झोपू देत नाही.

खर्चाची तुलना करताना केबिनचे भाडे माणशी आहे की खोलीमागे, हे प्रथम पाहावे. खोलीमागे असेल तर चार जणांच्या राखीव खुर्च्यांची बेरीज आणि एका केबिनचे भाडे यांत कधीकधी फारसे अंतर उरत नाही. एकट्याला मात्र तो सगळा भार स्वतःच उचलावा लागतो. त्या भाड्याला वर सांगितलेल्या खऱ्या तासांनी भागावे, कारण वेळापत्रकातल्या तासांनी भागले तर ती उगाचच स्वस्त वाटते. रात्रीच्या फेरीसाठी असलेल्या केबिन दिवसा पुष्कळदा रिकाम्या राहत असल्यामुळे अनेक मार्गांवर दिवसाचे भाडे रात्रीपेक्षा कमी असते. उरलेल्या केबिन बोटीवरच्या स्वागतकक्षातही विकल्या जातात, त्यामुळे शांत हवामानाच्या आणि कमी गर्दीच्या दिवसांत, धडधाकट प्रवाशांनी आधी नोंदणी न करता चढल्यावर समुद्राचा रंग पाहून ठरवले तरी चालते. मात्र हवा बिघडली की तसा विचार करणारे आणखीही पुष्कळ असतात, म्हणून ज्यांच्याबरोबर तान्हे मूल, आजारी माणूस किंवा पुढे लांबवर गाडी नेणारा एकटाच चालक आहे, त्यांनी हा भरवसा ठेवू नये आणि केबिन तिकिटाबरोबरच घ्यावी. नोंदणी करताना फेरी रद्द झाल्यास किंवा आपणच बेत बदलल्यास केबिनचे पैसे परत मिळतात का, आणि किल्ली किती वाजता मिळून किती वाजता परत द्यावी लागते, एवढे विचारून घ्यावे.