फोन्सेका की मेन्शिक?

रामनगरच्या टेनिस कोर्टावरून घरी जाताना तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमचा वाद ठरलेला: टेनिसमधला पुढचा मोठा खेळाडू कोण?

माझा मित्र मेन्शिकवाला. त्याचंही खरं आहे म्हणा. २०२५ मध्ये मायामी ओपनच्या फायनलमध्ये १९ वर्षांच्या या चेक पोराने जोकोविचला ७-६, ७-६ हरवलं, तेही कारकिर्दीतल्या पहिल्याच विजेतेपदासाठी. तिकडे पावसाने खेळ लांबला, म्हणून आपल्याकडे सोमवार सकाळ उजाडली. चहा पुढ्यात निवत होता अन् आम्ही टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेममध्ये, अडकलेलो. उंची आणि सर्व्हिस, हे त्याचं भांडवल. टायब्रेकमध्ये असा गडी जड जातो.

पण भाऊ, मी फोन्सेकावाला. ब्राझीलचा हा पोरगा वर्षभराने लहान. क्वालिफायर म्हणून, म्हणजे पात्रता फेरी जिंकून, २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आला आणि नववा मानांकित रुबलेव्ह सरळ तीन सेटमध्ये गारद! पुढे ब्यूनॉस आयर्सची क्ले, म्हणजे मातीचं संथ कोर्ट, आणि बासेलचं इनडोअर हार्ड कोर्ट, दोन्हीकडे विजेता. त्याचा फोरहँड बसला की समोरचा नुसता बघत राहतो. चुकाही ढीगभर करतो, तो भाग वेगळा.

सर्व्हिसवर एखादी स्पर्धा मारता येते. क्लेवर मात्र रॅली खेळावीच लागते, म्हणून माझी पैज फोन्सेकावर. हरलो तर पोहे माझ्याकडून, तर्री जास्त.