नागपुरात मुक्काम कुठे: गणेशपेठ, मेडिकल, बर्डी की इतवारी?

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. हॉल तिकीट काढून दिलं, कोर्टाची तारीख मोबाइलवर पाहून दिली, आरोग्य योजनेचं कार्ड छापून दिलं, की पाठोपाठ प्रश्न येतोच: "ताई, मंग नागपुरात थांबाचं कुठे जी?"

आमचा नागभीड तालुका. नागपूर तिथून शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. गावातून नागभीड गाठायचं, मग भिवापूर, उमरेड करत एसटी पोचेपर्यंत सकाळचे दहा सहज वाजतात. मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, चिठ्ठीची रांग, कोर्टाचा पुकारा, पोरीचा ऑनलाइन पेपर, यातलं काहीच दहापर्यंत आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी जायचं आणि रात्र काढायची. ती कुठे काढायची, एवढाच प्रश्न.

माझ्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. आमच्याकडची छोटी गाडी इतवारीला सोडायची, म्हणून त्यांचं नागपूर म्हणजे इतवारी. 2019 च्या शेवटी ती लाईन मोठी करण्यासाठी बंद झाली आणि आमचं नागपूर गणेशपेठेत आलं, कारण एसटी तिथे सोडते. गाडी सोडेल तिथेच पाठ टेकायची, ही आमची पिढीजात सवय.

त्या सवयीपायी मी एकदा चांगलीच फसले. सासूबाईंचे गुडघे दाखवायचे होते. रात्री आठला उतरलो, बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. 200 रुपये स्वस्त मिळाली म्हणून मी खूश. खोली दुसऱ्या मजल्यावर. गुडघे दाखवायला आणलेल्या बाईला दोन मजले चढवले, यावरून माझी अक्कल समजून घ्या. सकाळी त्यांना खाली आणण्यातच अर्धा तास गेला, ऑटोवाल्याशी घासाघीस झाली, मेडिकलला पोचलो तेव्हा रांग दाराबाहेर आली होती. नंबर लागेपर्यंत ओपीडी उठली. आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात. आमच्या डॉक्टरांचा मंगळवार. म्हणजे थेट पुढचा मंगळवार.

तेव्हापासून मी प्रत्येकाला उलट विचारते: "सकाळी पहिल्यांदा कुठे उभं राहायचं आहे?" उत्तर येईल त्याच्या जवळ झोपायचं. सगळं बाकीचं, भाडं धरून, त्याच्यानंतर.

गणेशपेठ आणि मेडिकल चौक

आमच्याकडच्या निम्म्या लोकांची निवड या दोघांतच असते. दोन्हीत अंतर फार नाही. बैद्यनाथ चौकातून उंटखान्याकडून गेलं की मेडिकल चौक. पण ते अंतर पहाटे, पेशंट सोबत असताना, फार मोठं होतं.

गणेशपेठेत लॉजला तोटा नाही. रात्री अकराला उतरलात तरी खोली मिळते, जेवायला मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो. म्हणजे रात्री नऊला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत तुमची. दुपारी बारालाच खोली रिकामी करायला लावणाऱ्या लॉजपेक्षा हे फार सोयीचं, कारण दवाखान्यातून तपासण्या करून दुपारी दोनला परतलेल्या माणसाला अंग टाकायला जागा राहते. तोटा म्हणजे आवाज. एसटी आणि ट्रॅव्हल्सचे हॉर्न रात्रभर चालतात. रस्त्याकडची खिडकीवाली खोली हवेशीर आहे म्हणून देतील. घेऊ नका, मागची मागा.

मेडिकल चौकाकडे लॉज कमी आणि साधे. पण आसपासच्या वस्तीत घरगुती खोल्या रोजाने मिळतात, आणि त्यांची गोष्टच वेगळी. त्या घरांना पेशंटची सवय असते. अंघोळीला गरम पाणी मागावं लागत नाही, पथ्याची मऊ खिचडी म्हटलं की कोणी कपाळाला आठी घालत नाही, आणि पहाटे पाचला दार उघडून दिलं जातं. पुढच्या मंगळवारी आम्ही अशाच एका खोलीत उतरलो, तळमजल्यावर. दारामागच्या खिळ्याला आधीच्या कुणाची तरी एक्स-रेची पिशवी अजून लटकत होती. सासूबाई रात्रभर तिच्याकडे पाहून म्हणायच्या, "बिचारा बरा झाला असंन का?" पहाटे त्या स्वतःच उठून बसल्या आणि मला रांग पाहायला पाठवलं. पायी सहा-सात मिनिटं.

या खोल्या ठराविक दर्जाच्या नसतात, हे मात्र खरं. एक स्वच्छ, तर शेजारची ओल धरलेली. संडास सामायिक. आधी पाहून घ्या, पैसे नंतर.

उमरेडकडून येणाऱ्यांसाठी आणखी एक. मेडिकललाच जायचं असेल तर गणेशपेठेपर्यंत जायची गरज नाही. दिघोरी नाका गेला की सामान सावरा, कंडक्टरला सांगून सक्करदऱ्याकडेच उतरा. तिथून ऑटो कमी पैशात नेतो. भंडाऱ्याकडून येणाऱ्यांना हेच पारडी-प्रजापती नगरला करता येतं, तिथून मेट्रो आहे. वर्धेकडून येणाऱ्यांना अजनी चौक किंवा रहाटे कॉलनी. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन मग शहरात परत यायचं, हा गावाकडच्या माणसाचा नेहमीचा वळसा आहे.

मेयोचं, म्हणजे दुसऱ्या सरकारी दवाखान्याचं, गणित सोपं. रेल्वेने आलात आणि मेयोला दाखवायचं असेल तर स्टेशनच्या टेकडी गणपतीच्या बाजूने बाहेर पडू नका, पूर्वेच्या संत्रा मार्केटकडच्या बाजूने पडा. त्या अंगाला लॉज आहेत, मेयो हाकेवर आहे. इथे गाडी सोडते तिथे झोपणं आणि कामाजवळ झोपणं एकच होतं.

धंतोली-रामदासपेठ की बर्डी?

खासगी दवाखाने धंतोली आणि रामदासपेठेत एकाला एक लागून आहेत. त्यामुळे लोकांना वाटतं तिथेच राहावं. मी म्हणते, ऑपरेशनच्या आदल्या रात्री हो, एरवी नाही. रामदासपेठेतली हॉटेलं आपल्या खिशाची नाहीत, धंतोलीत साधी खोली शोधावी लागते, आणि गावची बोलेरो घेऊन गेलात तर ती उभी करायला जागा शोधण्यात सकाळ जाते. नुसतं टाके काढायला किंवा रिपोर्ट दाखवायला जायचं असेल तर बर्डीत राहा आणि ऑटोने जा. खासगीत वेळ ठरवून मिळते, पहाटेच्या रांगेची भीती नाही, मग भिंतीला भिंत लावून राहायचा हट्ट कशाला?

बर्डी, म्हणजे सीताबर्डी, माझ्या मते नागपुरातली सगळ्यात उपयोगी जागा आहे, आणि हे मेट्रोमुळे झालं. नागपुरात मेट्रो 2019 मध्ये धावायला लागली आणि 2022 च्या डिसेंबरात पहिल्या टप्प्याच्या दोन्ही लाईनी पूर्ण झाल्या. त्या एकमेकींना बर्डीलाच छेदतात. नारिंगी लाईन उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक आणि दक्षिणेला खापरी. निळसर लाईन पश्चिमेला लोकमान्य नगर आणि पूर्वेला प्रजापती नगर. म्हणजे सकाळी चारही दिशांपैकी कुठेही जायचं असलं तरी बर्डीहून गाडी न बदलता जाता येतं. मेडिकल चौकाला मात्र मेट्रो नाही. म्हणूनच तो विषय वर वेगळा काढला.

बर्डीची खरी गरज पडते ती परीक्षेच्या पोरांना. हॉल तिकिटावर सेंटर 'नागपूर' लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात हिंगणा रोडवरचं इंजिनिअरिंग कॉलेज निघतं. तो पत्ता शहराच्या पार टोकाला. पोरं घाबरून तिथेच जवळपास खोली शोधतात, आणि त्या भागात साधा लॉज सापडत नाही. त्यापेक्षा बर्डीत राहा, सकाळी 6 च्या सुमाराला मेट्रो सुरू होते, लोकमान्य नगरला उतरा, पुढे ऑटो. सेंटर वर्धा रोडवर असेल तर खापरीची बाजू. मुद्दा हा की रात्रीपर्यंत सेंटर पाहून यायला वेळ मिळतो. आदल्या संध्याकाळी जाऊन गेट पाहून येणारी पोरं पेपरला शांत बसतात, हे मी दुकानात निकालाच्या दिवशी ऐकते.

एक तक्रार मात्र आहे. गेल्या वर्षी गावातल्या दोघी मुली पेपरसाठी गेल्या. फोनवर खोली पक्की केली होती. पोचल्यावर लॉजवाला म्हणाला, सोबत घरचं माणूस नाही तर खोली नाही. हॉल तिकीट दाखवलं, आधार दाखवलं, ऐकेना. रात्री साडेआठला त्या रस्त्यावर, आणि मी इकडे गावातून फोनवर. शेवटी ओळखीच्या एकीच्या होस्टेलवर सोय झाली. तेव्हापासून मुलींची खोली मी स्वतः फोन करून पक्की करते आणि पहिलाच प्रश्न विचारते: "दोघी पोरी आहेत, सोबत कोणी नाही, चालेल का?" नाही म्हणणारा फोनवरच नाही म्हणतो, ते परवडतं. बर्डीत रात्री उशिरापर्यंत दुकानं उघडी, रस्त्यावर बायामाणसं असतात. मुलींसाठी मला तरी हा भाग इतरांपेक्षा बरा वाटतो. भाडं थोडं जास्त आहे, आणि गर्दी तर विचारू नका.

इतवारी: खरेदीला उत्तम, झोपायला नको

लग्नाचा बस्ता बांधायला आजही गांधीबाग आणि इतवारीच. कापड तिथे, सोनं सराफ्यात, मसाला, भांडी, सगळं चालत जाता येईल अशा गल्ल्यांत. इथे माझा नियम मीच मोडते. काम इतवारीत आहे, तरी मुक्काम गणेशपेठेत करा. कारण बाजार पहाटे उघडत नाही, अकरापर्यंत तुम्ही आरामात पोचता. आणि संध्याकाळी हातात बारा गाठोडी असतात. ती गल्लीतून लॉजवर, लॉजवरून पुन्हा बसस्टँडवर, असं दोनदा कोण वाहील? त्यापेक्षा दुकानदाराकडून थेट ऑटोत, ऑटोतून गणेशपेठेच्या खोलीत, सकाळी तिथूनच एसटी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नका. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, महाल-इतवारीचे रस्ते माणसांनी भरतात. मारबत पाहायलाच जायचं असेल तर अर्थात उलट.

जेवणाचं म्हणाल तर झणझणीत सावजी खायचा तो या जुन्या भागातच. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणीला रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्री सावजी खाऊ नका, हा अनुभवाचा सल्ला.

कोर्ट, एम्स आणि बाकी

हायकोर्टाचं खंडपीठ, जिल्हा न्यायालय, आयुक्त कार्यालय, सगळं सिव्हिल लाइन्समध्ये. त्यासाठी सदर जवळचं, पण तिथली हॉटेलं महाग. बर्डीत राहून मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरलं तरी काम भागतं, आणि उतरल्यावर त्या परिसरात सकाळचे तर्री-पोहे मिळतात. वकिलाला भेटण्याआधी पोट भरलेलं असावं.

एम्स मिहानमध्ये, शहराबाहेर. तिथला नंबर मोबाइलवरून आधी काढता येतो, त्यामुळे पहाटेच्या रांगेचा धाक कमी. बर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो, मग ऑटो. वर्धा रोडवर महागडी खोली घेण्याची गरज मला कधी वाटली नाही.

तारखा पाहा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की सदर-बर्डीच्या खोल्या आधीच भरतात. दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीला लाखो लोक येतात. तेव्हा दवाखान्याचं काम टाळता येत असेल तर पुढे ढकला, नाहीतर खोली चार-सहा आठवडे आधी.

आणि उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सिमेंटची खोली रात्री बारालाही भट्टीच असते. लॉजवाला फोनवर "कूलर आहे" म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नका. कूलर असतो, पाणी नसतं. सरळ विचारा: "पाणी कोण भरते?" "तुमीच भरा, बकेट देतो" असं उत्तर आलं, तर नळ कोणत्या मजल्यावर आहे तेही विचारून घ्या.