तीन म्हातारे आणि दीड तासाची पायपीट: पाचपैकी साडेतीन तारे

सॉल्ट लेक सिटीतली ही लोककथांची पायी सहल मी ‘तीन नेफाइट’ एवढ्या दोन शब्दांसाठी घेतली. मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या, १८३० साली छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथात नेफाइट नावाच्या, प्राचीन अमेरिकेतल्या लोकांपैकी येशूचे तीन शिष्य त्याच्या पुनरागमनापर्यंत पृथ्वीवरच राहण्याचं मागणं मागतात, आणि त्यांना ते मिळतं. पुढची भर लोकांची. आमच्या गाइडबाईंनी ती काय रंगवून सांगितली! दारात पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो, खायला मागतो, या घरात पिठाची वाण पडणार नाही म्हणतो; बाहेर बघावं तर बर्फात पावलाचा ठसा नाही. मोटारी आल्यावर तोच म्हातारा लिफ्ट मागू लागला. धान्य साठवून ठेवा, असं बजावतो आणि मागच्या सीटवरून गायब! मला सारखा तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आठवत होता. पण तो शापाने अमर, हे वरदानाने.

तक्रार एकच. मॉर्मन समजुतीत प्रेषित योहानही अजून पृथ्वीवरच आहे. त्याला बाईंनी एका वाक्यात उरकलं आणि शेवटची वीस मिनिटं भेटवस्तूंच्या दुकानात घालवली. थंडीत जाणार असाल तर कानटोपी विसरू नका.