चाळिशीत कराटे: शोतोकान की गोजू-र्‍यू?

जवळच्या क्लासच्या पाटीवर शैलीचं नाव असेलच असं नाही. सरांना सरळ विचारा, सुरुवातीचे काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच) कोणते? ‘हेइआन’ म्हणाले तर शोतोकान, ‘गेकिसाई’ म्हणाले तर गोजू-र्‍यू. वय विशीतलं असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल, कुठेही जा.

घाम आणि दम यांत शोतोकान पुढे, हे मान्यच करायला हवं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओइ-झुकीच्या (पाऊल पुढे टाकत मारायच्या ठोशाच्या) चार फेऱ्या झाल्या की मांड्या भरून येतात. गोजू-र्‍यूचा तास त्यामानाने थोड्या जागेत जातो. वजन उतरवायचं असेल तर जोडीला चालणं ठेवावं लागेल.

घोडं अडतं ते वळणावर. शोतोकानचा झेनकुत्सु-दाची हा पवित्रा लांब: दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट अंतर, पुढचा गुडघा वाकलेला, निम्म्याहून जास्त भार त्याच्यावर. हेइआन शोदान या पहिल्या कातात तिसऱ्या आगे-उकेनंतर (हात वर उचलून वार अडवण्यानंतर) याच भरल्या उजव्या पायावर 270 अंश फिरायचं असतं. गुळगुळीत लाकडी जमिनीवर तळवा सरकतो. आपले बरेच क्लास मात्र गच्चीवर. खरखरीत कोब्याला अनवाणी पाऊल धरून बसतं, कंबर फिरते आणि पीळ बसतो गुडघ्याला. पाय घामेजले असतील तर फोमच्या मॅटवरही तेच. उपाय आहे: आधी कंबर थोडी वर घ्या, मागचा पाय जवळ ओढा, भार हलका झाल्यावर वळा, मग खाली बसा. पण तीस जणांच्या रांगेत, मोजणीच्या ठेक्यावर, हे नवख्याला जमतंच असं नाही.

गोजू-र्‍यूतला सानचिन-दाची हा पवित्रा आखूड. पुढची टाच आणि मागची बोटं एका रेषेत, भार दोन्ही पायांवर सारखा. वळताना पाय अंगाखालीच असतात, त्यामुळे पीळ कमी. चुका इथेही होतात. बोटं गरजेपेक्षा आत वळवली की गुडघे आत कलतात. शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकवून खाली बसण्याच्या पवित्र्यात, गुडघा बोटांच्या दिशेने न राहता आत पडतो. सानचिन नावाच्या कातात अंग आवळताना श्वास कोंडला तर रक्तदाब चढतो. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, सरांनाही आधीच सांगा.

लाकडी जमिनीचा हॉल आणि वळणं सुटी करून घेणारे सर मिळाले तर शोतोकानला नाही म्हणू नये. कोबाच असेल तर निदान पहिलं वर्ष गोजू-र्‍यूत काढलेलं बरं. क्लास बघायला जाल तेव्हा चपला काढून एकदा चवड्यावर हळूच वळून पाहा.